नवा लेखक आणि स्पष्ट बोलणारा वाचक

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, व्यवसाय, लग्नकार्यातील खर्च अशा विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे होतात. यंदा चिटणीसांनी मला बोलावयास सांगितले, तेव्हा मी त्यांना विचारले की, ज्याने उभे आयुष्य छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या मजकुरातील ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यात घालविले, त्याने आपणांस काय सांगावे? ते म्हणाले, "पुस्तक छापण्यासाठी मदत मागणारे अर्ज मंडळाकडे वाढत चालले आहेत. त्याविषयीच बोला." विषय असा आयताच पदरात पडला, आणि तो माझ्या जिव्हाळ्याचा असल्यामुळे मीही नाही म्हटले नाही.

आपली माणसे लिहू लागली आहेत, ही गोष्ट मोठ्या आनंदाची आहे. कात्री, टेप आणि शिवणयंत्र यांवर ज्या घरांची पिढ्यान्‌पिढ्या गुजराण झाली, त्या घरांतील निवृत्त शिक्षक, परिचारिका, बँकेतील कारकून, इतकेच काय पण अजूनही दुकानाच्या फळीवर बसणारे वृद्ध कारागीर आज आठवणी लिहितात, कविता करतात. परंतु या आनंदाला एक दुसरी बाजू आहे, आणि ती मी अनेक घरांच्या माळ्यांवर पाहिली आहे. तेथे दोरीने बांधलेले गठ्ठे असतात. स्वखर्चाने छापलेले पुस्तक, प्रकाशन समारंभाला शाल-श्रीफळ, चार भाषणे, मग आप्तेष्टांना भेट म्हणून वाटलेल्या प्रती आणि उरलेल्या माळ्यावर. ज्या माणसाने आपली निवृत्तीची पुंजी मोडून ते छापले, त्याला या गठ्ठ्यांकडे पाहून काय वाटत असेल, याची कल्पना मी करू शकतो. पुष्कळांनी त्यानंतर लेखणी हातात धरली नाही.

हे का घडते? लिहिणाऱ्याच्या अंगी गुण नसतो म्हणून? मुळीच नाही. घडते ते असे की, त्याचे लेखन छापण्यापूर्वी ज्यांनी ज्यांनी वाचले, त्या सर्वांनी त्याला एकच सांगितले, "फार सुंदर. छापून टाका." आपल्या ज्ञातीत हे सांगणे स्वाभाविक आहे. येथे जो तो कोणाचा तरी व्याही, कोणाचा तरी साडू. उद्या ज्याच्या घरी मुलगी द्यावयाची, त्याच्या कवितेत यमकापलीकडे काही नाही हे आज कोण सांगेल? शिवाय पूर्वी प्रकाशकाचा नकार लेखकाला थांबवीत असे. त्या थांब्यावर बसून त्याला दुसरा विचार करावा लागे. आज पैसे भरले की पन्नास प्रतीसुद्धा छापून मिळतात. छापणे सोपे झाले आहे. पण छापणे निराळे आणि प्रकाशित होणे निराळे. ज्याचा आपला काही संबंध नाही अशा माणसाने आपल्या लेखनावर स्वतःचे पैसे लावावेत आणि ज्याने आपले नावही ऐकलेले नाही अशा माणसाने ते विकत घेऊन वाचावे, याला मी प्रकाशन म्हणतो. त्या परक्या माणसाची नजर आपल्या लेखनावर कधी तरी पडणारच आहे. ती आधी पडली तर उपयोगाची, नंतर पडली तर केवळ दुःखाची.

आपल्या धंद्यातलेच उदाहरण घेऊ. कोट शिवताना पहिल्याच दिवशी कोणी पक्की शिलाई घालीत नाही. कच्चा टाका घालावयाचा, गिऱ्हाइकाला आरशापुढे उभे करावयाचे, खांदा कोठे उतरतो, पाठीवर चूण कोठे पडते ते पाहून खडूने खुणा करावयाच्या, आणि मग जेथे खूण असेल तेथे उसवावयाचे. खडूची खूण पाहून ना गिऱ्हाईक रागावत, ना कारागीर खजील होत. कोट अंगासरसा बसण्याचा दुसरा मार्गच नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. आणखी एक गोष्ट आपण करतो. शिवणीच्या आत थोडे कापड राखून ठेवतो आणि त्याला आपण 'माया' म्हणतो. मराठी भाषेने प्रेमाला आणि त्या राखून ठेवलेल्या कापडाला एकच शब्द दिला, याचे मला लहानपणापासून नवल वाटत आले आहे. ज्या लेखनात माया राहिलेली नाही, म्हणजे लेखक ते घेऊन आला तेव्हा मुखपृष्ठ तयार, निमंत्रणपत्रिका छापलेली, पाहुण्यांची तारीख ठरलेली, तेथे वाचकाने कितीही अचूक खुणा केल्या तरी उसवणार काय आणि वाढविणार काय? छापखान्यात आमच्याकडे लेखन येई ते असेच. खिळे जुळविण्याच्या त्या दिवसांत एक परिच्छेद हलविला की पुढची पानेच्या पाने सरकत आणि खर्च वाढे. म्हणून आम्ही वेलांट्या सुधारीत असू आणि बाकीचे पाहून न पाहिल्यासारखे करीत असू. (खरा टीकाकार मला भेटला तो कंपॉझिटरांत. एकेक अक्षर उचलून जुळवताना जो मनुष्य मधेच थांबून शेजाऱ्याला एखादे वाक्य वाचून दाखवी, त्याच्या पसंतीइतकी निर्व्याज पसंती मी पुढे कोणा विद्वानातही पाहिली नाही.)

नामदेवरायांची आणि गोरोबाकाकांची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. ती मी नव्याने सांगत नाही, फक्त तिच्याकडे नव्याने पाहण्याची विनंती करतो. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने गोरोबांचे थापटणे पाहून, यातले कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे, असे विचारले आणि गोरोबा एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत गेले. इतर स्वस्थ बसले. नामदेव तेवढे रागावले, आणि गोरोबांनी सांगितले की हे मडके कच्चे आहे. नामदेव त्या वेळी कोणी सामान्य नव्हते; विठ्ठलाचे लाडके म्हणून सर्व जण त्यांना मान देत. तो मान मिळत असतानाच हे वाक्य कानी पडले, म्हणून तर ते लागले. पंढरीला जाऊन त्यांनी गाऱ्हाणे केले. आणि नंतर औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले. मला यात दोन गोष्टी दिसतात. गोरोबा मडके फोडा असे म्हणाले नाहीत. ते अजून भाजावयाचे आहे इतकेच म्हणाले. आणि दुसरी, जी आपल्या ज्ञातीने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे, ती ही की, आपल्या पूर्वजांनी ही कथा लपविली नाही. ज्या संताच्या नावाने आपण ओळखले जातो, त्याला एकदा भर सभेत कच्चे म्हटले गेले होते, हे त्यांनी सातशे वर्षे कीर्तनांतून अभिमानाने सांगितले. त्यांच्याच वंशजांनी आपल्या पुस्तकाबद्दल एक वाकडा शब्द ऐकून घेऊ नये, हे मला थोडे विचित्र वाटते.

परंतु स्पष्ट बोलणे म्हणजे वाटेल ते बोलणे नव्हे. हा भेद स्पष्ट करणारे एक उदाहरण इंग्लंडच्या वाङ्मयाच्या इतिहासात आहे. ते मी जरा विस्ताराने सांगतो, कारण तेथे एकाच लेखिकेला दहा वर्षांच्या अंतराने दोन पत्रे आली आणि दोन्ही आपापल्या परीने प्रामाणिक होती.

यॉर्कशायरमधील हॉवर्थ या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी शार्लट ब्राँटे ही मुलगी वाढली. वयाच्या विसाव्या वर्षी, 1836 च्या अखेरीस, तिने आपल्या कविता त्या वेळचे राजकवी रॉबर्ट साउदी यांना पाठविल्या आणि अभिप्राय मागितला. 1837 च्या मार्चमध्ये उत्तर आले. साउदी दुष्ट नव्हते. मुलीच्या अंगी काव्यगुण आहे हे त्यांनी मान्य केले. पण त्यांच्या पत्राचा भर होता तो यावर की, वाङ्मय हा स्त्रीच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही आणि होऊही नये. आपण नीट पाहा: हा अभिप्राय कवितेवर नाही, कविता लिहिणारीवर आहे. कोणती ओळ सैल आहे, कोठे शब्द उसना आहे, यातले तिला त्यातून काय कळले असेल? सुधारता येईल असे त्यात काहीच नव्हते, कारण दोष दाखविला होता तो तिच्या स्त्री असण्याचा. आपल्याकडेही असे अभिप्राय मिळतात. "तुझे शिक्षण किती, तू लिहिणार काय?" हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल.

पुढे 1846 साली शार्लट आणि तिच्या दोघी बहिणी, एमिली व अ‍ॅन, यांनी टोपणनावांनी आपल्या कवितांचे पुस्तक स्वखर्चाने छापले. वर्षभरात त्याच्या दोन प्रती खपल्या. दोन! माळ्यावरच्या गठ्ठ्यांचे दुःख एकट्या आपलेच नाही, हे यावरून दिसेल. नंतर तिघींनी एकेक कादंबरी लिहिली. बहिणींच्या कादंबऱ्या एका प्रकाशकाने घेतल्या. शार्लटची 'द प्रोफेसर' मात्र एकामागून एक प्रकाशकांकडून परत येत राहिली. ती बाई इतकी भोळी किंवा इतकी काटकसरी की, त्याच वेष्टनावरचा जुन्या प्रकाशकाचा पत्ता खोडून त्याखाली नवा लिही आणि गठ्ठा पुन्हा टपालात टाकी. म्हणजे प्रत्येक नव्या प्रकाशकाला पूर्वीचे नकार वेष्टनावरच वाचता येत. अशा रीतीने तो गठ्ठा 1847 च्या उन्हाळ्यात लंडनच्या स्मिथ, एल्डर आणि कंपनीकडे पोहोचला. तेथे हस्तलिखिते वाचण्याचे काम विल्यम स्मिथ विल्यम्स नावाचे गृहस्थ करीत. हे पूर्वी एका शिळाछापखान्यात हिशेब लिहिणारे कारकून होते. त्यांनी वाचले, आणि पेढीकडून शार्लटला पत्र गेले.

तिने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे की, दोन कोरड्या ओळींच्या नकाराची अपेक्षा करून तिने लखोटा उघडला, तो आत दोन पाने मजकूर निघाला. कादंबरी घेता येत नाही, हे त्यात स्पष्ट होते. पण का घेता येत नाही, तिच्यात चांगले काय आणि उणे काय, हे इतक्या समजुतीने व इतक्या सभ्यपणे लिहिले होते की, एखाद्या रांगड्या होकारापेक्षा हा नकार तिला अधिक सुखावून गेला. शेवटी असेही होते की, तीन खंडांची कादंबरी असल्यास तिचा काळजीपूर्वक विचार होईल. या शेवटच्या वाक्यामागे व्यवहार होता: त्या काळी तेथील वर्गणीची वाचनालये तीन खंडांच्या कादंबऱ्या घेत आणि प्रकाशकाचे गणित त्यांवर बसे. 'द प्रोफेसर' एका खंडाची होती. ही गोष्ट हॉवर्थच्या खेड्यात बसून कोणाला कळणार? ती बाजारात बसणाऱ्यानेच सांगावयाची असते. शार्लटची दुसरी कादंबरी तेव्हा जवळजवळ लिहून होत आली होती. तिने ती पुरी केली, 24 ऑगस्ट 1847 रोजी आगगाडीने लंडनला रवाना केली, आणि 16 ऑक्टोबरला ती प्रसिद्धही झाली. ती कादंबरी म्हणजे 'जेन एअर'. नाकारलेली 'द प्रोफेसर' लेखिकेच्या मृत्यूनंतर 1857 साली बाहेर आली. आज ती वाचतात ती बहुधा 'जेन एअर' वाचून झालेली माणसे.

या कथेची एक शेपटी आहे, तीही महत्त्वाची. 'जेन एअर' स्वीकारताना प्रकाशकांनी सुरुवातीच्या भागात काही फेरफार सुचविले होते. शार्लटने ते नम्रपणे नाकारले. लिहिताना जी ऊब होती ती आता राहिलेली नाही, आणि थंडपणे केलेली काटछाट पुस्तकाला अपायच करील, असे तिचे म्हणणे होते. प्रकाशकांनी ते मानले. अभिप्राय ऐकावा, पण कात्री लेखकाच्याच हाती असावी.

आता आपल्यातले एक उदाहरण देतो. नाव सांगत नाही. तालुक्याच्या गावी सारी हयात कपडे शिवलेले एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आठवणींचे बाड घेऊन आले. हिशेबाच्या लाल चोपड्यांत लिहिलेले, अक्षर मोत्यासारखे. "पन्नास जणांनी वाचले, सर्वांना आवडले," असे म्हणून त्यांनी ते माझ्या हाती दिले. आरंभी कुलदैवत, मग वंशावळ, मग ज्यांचे ज्यांचे उपकार झाले त्यांची नावे. असे करीत सत्त्याहत्तराव्या पानावर मी पोहोचलो आणि तेथे दिवाळी आली. नरकचतुर्दशीच्या आदली रात्र. गॅसबत्तीच्या उजेडात वडिलांचे यंत्र चालू. पायरीवर गिऱ्हाइके बसलेली. अकरा वर्षांचा मुलगा डोळ्यांवरची झोप आवरीत काजे करतो आहे. पहाटे शेवटचा सदरा गेला. गावातली सर्व मुले नव्या कपड्यांत आणि शिंप्याची मुले जुन्या. आईने मात्र आठवडाभरात साठविलेल्या कात्रणांतून धाकटीला सात रंगांचे झबले शिवले होते, आणि सावकारीणबाई विचारीत आल्या की, हे कापड कोणत्या दुकानातले!

मी त्यांना सांगितले, "पहिली शहात्तर पाने मी तुमच्याविषयीच्या आदराने वाचली. त्यापुढची मला थांबवेना म्हणून वाचली. तुमचे पुस्तक येथून सुरू होते." ते चहा न घेता उठून गेले. दीड महिना फिरकले नाहीत. मग एके दिवशी येऊन त्यांनी विचारले, "येथून सुरू केले तर वंशावळीचे काय करू?" मी म्हटले, "घरी जपून ठेवा. नातवंडांना लागेल, वाचकाला लागणार नाही." पुढे त्यांनी सारे पुन्हा लिहिले, दोनदा. मधे एकाने सल्ला दिला की मुंढा, कळी, काज असले धंद्याचे शब्द काढून पुस्तकी शब्द घालावेत. त्यांनी ते साफ नाकारले, आणि मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो. एका प्रकाशकाने स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढले. त्यांना आलेल्या पत्रांपैकी त्यांनी मला जे पहिले दाखविले ते दूरच्या जिल्ह्यातील एका सोनाराच्या मुलाचे होते. त्याच्याही घरी सणाच्या दिवशी आईच्या गळ्यात काळी पोतच असे.

हे पुढे वाचले म्हणजे आपल्याला अमेरिकेतील हार्पर ली यांची आठवण होईल. 1957 साली लिपिनकॉट या प्रकाशन संस्थेकडे त्यांनी पहिली कादंबरी दिली. संपादिका टे होहॉफ यांना लेखिकेचे सामर्थ्य दिसले, पण हातात आहे ती सलग कादंबरी नसून प्रसंगांची माळ आहे, असे त्यांचे स्पष्ट मत पडले. मूळ लेखनात मोठी झालेली मुलगी गावी परत येते आणि लहानपण अधूनमधून आठवते. त्या लहानपणाचीच कादंबरी करण्याच्या दिशेने दोघींनी दोन वर्षांहून अधिक काळ काम केले, आणि 1960 साली 'टु किल अ मॉकिंगबर्ड' प्रसिद्ध झाली. पुढल्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. मूळचे लेखन 'गो सेट अ वॉचमन' या नावाने 2015 साली छापले गेले आहे. ज्यांना कच्चा टाका आणि पक्की शिलाई शेजारी शेजारी ठेवून पाहावयाची आहे, त्यांनी दोन्ही अवश्य वाचावीत.

मराठीत ही परंपरा नव्हती असे नाही. 'सत्यकथे'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नवोदितांना कथा परत पाठविताना सविस्तर पत्रे लिहीत, पुन्हा लिहावयास लावीत. त्या पत्रांवर कितीतरी लेखक घडले. अशा शिस्तीचा साचा होण्याचा धोका असतो, हेही खरे. 1969 साली काही तरुण लेखकांनी 'सत्यकथे'चा अंक जाळून तो राग व्यक्त केला होता. 1982 साली ते मासिक बंद पडले. तशी पत्रे लिहावयास आज कोणाला सवड आहे? आणि स्पष्ट अभिप्राय म्हणजे दोषच काढणे, असेही कोणी समजू नये. बहिणाबाई चौधरींच्या निधनानंतर सोपानदेवांनी आईच्या ओव्यांची वही भीत भीत आचार्य अत्र्यांपुढे ठेवली. हे सोने आहे, असे अत्र्यांनी निःशंकपणे सांगितले आणि 1952 साली 'बहिणाबाईंची गाणी' महाराष्ट्रापुढे आली. मुलाला जे म्हणावयास संकोच वाटत होता, ते परक्याने म्हटले.

आता मंडळापुढे माझी एक सूचना आहे. प्रकाशनासाठी मदत देण्यापूर्वी प्रत्येक बाड तीन जणांनी वाचावे. एक वाचक आपल्या ज्ञातीतला, पण लेखकाशी सोयरीक नसलेला. असा मनुष्य सापडणे कठीण, तरी शोधावा. दुसरा पंचविशीच्या आतला. आणि तिसरा ज्ञातीबाहेरचा. ही शेवटची अट काहींना रुचणार नाही, हे मी जाणतो. घरची गोष्ट परक्यापुढे कशाला, असे म्हटले जाईल. पण पुस्तक छापले की ते परक्यांपुढेच जाते. आणि आपल्या धंद्यात कोणी केवळ घरच्यांसाठी कपडे शिवून संसार चालविला आहे काय? वाचकांनी दुरुस्त्या करू नयेत. पेन्सिलीने समासात खूण करावी: येथे कंटाळा आला, येथे समजले नाही, येथे पुन्हा वाचावेसे वाटले. तिसरी खूण विसरू नये, कारण लेखकाला पुढचे लिहिण्याचे बळ तीच देते. अभिप्राय लेखी असावा, लेखकाच्या एकट्याच्या हाती द्यावा; कार्यकारी मंडळाच्या सभेत त्याचे वाचन कधीही होऊ नये. फेरलेखनासाठी निदान सहा महिने द्यावेत. तोपर्यंत समारंभाची तारीख ठरवू नये, सभागृह तर मुळीच घेऊ नये.

चिटणीसांनी सांगितले की, यंदा दोन बाडे कार्यालयात आलेली आहेत. एक एका भगिनीचे आहे; रुग्णालयातील रात्रपाळीच्या आठवणी आहेत. दुसरे कवितांचे आहे. दोघांनीही अजून छापखान्याशी बोलणे केलेले नाही, म्हणजे माया शिल्लक आहे. पहिले बाड वाचावयास मी आजच घरी नेत आहे. दुसऱ्यासाठी पंचविशीच्या आतला वाचक हवा आहे. आपल्यापैकी कोणाच्या मुलामुलींना इच्छा असेल तर त्यांनी भोजनापूर्वी कार्यालयाच्या मेजावरील वहीत नाव लिहावे. पेन्सिल मंडळ देईल.